तव्यातलं पाणी आणि डोळ्यातले दाणे

या सदरातले अनुभव मी नेमाने वाचते, आणि खोटं कशाला बोलू, वाचताना माझ्या मनात एक लाल पेन असतं. पिंपळ, पैंजण, अमावस्या... प्रत्येकासमोर 'पुरावा काय?' असं लिहिते आणि पान उलटते. त्यामुळे आज मीच इथे लिहायला बसले आहे याचं मलाच हसू येतंय. तुम्हीही माझ्यावर खुशाल लाल पेन चालवा, माझी हरकत नाही.

ही सवय घरचीच. आजोबांनी छप्पन साली धम्म स्वीकारला, तेव्हा देव्हाऱ्याबरोबर अंगारे, ताईत, दृष्ट काढायच्या मिरच्या असं सगळंच उंबऱ्याबाहेर गेलं. माझे वडील, अण्णा, प्राथमिक शाळेत गुरुजी होते. मांजर आडवं गेलं म्हणून कुणी रस्त्यात थांबलं की ते विचारायचे, "अरे, तू मांजराला आडवा गेलास त्याचं काय?" अशा घरात वाढून मी फिजिक्स केलं आणि प्रकाशशास्त्रात पीएचडी करायला अमेरिकेत गेले. म्हणजे असलं काही माझ्या वाट्याला येणं तसं अवघडच होतं.

गाव घोडेगाव, तालुका नेवासा, नगर जिल्हा. आमच्याकडचा जनावरांचा बाजार लांबलांबपर्यंत माहीत आहे. बाजाराच्या दिवशी नगर-औरंगाबाद रस्त्यावर टेम्पोंची रांग लागते आणि गावभर शेणाचा आणि कडब्याचा वास असतो.

मुख्य गोष्टीआधी आमच्या घरातलं एक दुखणं सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. अण्णा एक्केचाळीस वर्षांचे असताना एक दिवस फळ्यावर लिहिता लिहिता थांबले. स्वतः लिहिलेल्या शब्दाचं मधलं अक्षर त्यांना दिसेना. दोन-तीन वर्षांत मधलं सगळंच गेलं. कडेचं अंधुक दिसायचं, पण समोरच्याचा चेहरा नाही, पुस्तकाची ओळ नाही. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, डोळ्याच्या पडद्याचा आजार आहे, घराण्यातून येणारा. उपाय नाही. मुलांना व्हायची शक्यता निम्मी. मी एकुलती एक. तेव्हा मी अकरा वर्षांची होते, पण निम्मी म्हणजे काय हे मला चांगलं कळत होतं.

पुढे दर वर्षी मी डोळे तपासून घ्यायचे. डॉक्टर म्हणायचे, "पडदा स्वच्छ आहे." मी म्हणायचे, "छान." मग ते जरा थांबून म्हणायचे, "पण तुमच्या वडिलांचाही चाळिशीपर्यंत स्वच्छच दिसला असता." आधी कळायची काही सोय नव्हती. आपल्याच डोळ्यात काय चाललंय हे आपल्याला पस्तीस-चाळीस वर्षं कळू नये, याचा मला भयंकर राग यायचा. मी हा विषय का निवडला ते आता तुमच्या लक्षात आलं असेल.

तर तो विषय. डोळ्यात डोकावून पडदा पाहणं डॉक्टर शंभराहून जास्त वर्षं करतायत, पण दिसतं ते धूसर. कारण प्रत्येकाच्या डोळ्यातली भिंगं आपापल्या परीने वेडीवाकडी असतात. जुन्या घरातली लाटा पडलेली खिडकीची काच आठवा, पलीकडचं झाड कसं थरथरल्यासारखं दिसतं, तसंच. आकाशातले तारे बघणाऱ्यांकडे यावर एक उपाय होता. एक पातळ आरसा घ्यायचा, ज्याला पाठीमागून ठिकठिकाणी ढकलून हवा तसा किंचित वाकवता येतो. आलेला उजेड किती वाकडा आहे ते आधी मोजायचं आणि आरसा बरोबर त्याच्या उलटा वाकवायचा. वाकड्याला उलटं वाकडं, की झालं सरळ! हीच युक्ती कुणीतरी डोळ्यावर वापरली, आणि सत्त्याण्णव साली जिवंत माणसाच्या डोळ्यातल्या एकेका पेशीचे फोटो निघाले. आमच्या लॅबच्या टेबलावरही त्याच सुमाराला तो आरसा बसला.

पहिल्यांदा स्क्रीनवर ते ठिपके उमटले तेव्हा मी खुर्चीवरून उठून उभी राहिले. आरसा बंद असताना नुसता राखाडी चिखल. आरसा चालू केला की त्याच चिखलातून एकेक शंकूपेशी वर यायची... शेजारी शेजारी, दाटीवाटीने. माणूस समोर बसलाय, श्वास घेतोय, आणि ज्यांनी तो बघतो त्याच पेशी आपण बघतोय! इतकं सुंदर काही मी त्याआधी पाहिलं नव्हतं, नंतरही फारसं नाही.

तो डोळा माझ्या कामातल्या जोडीदाराचा होता, पीटरचा. लॅबमध्ये आळीपाळीने सगळ्यांनी डोळा दिला. मी सोडून. कधी सर्दी, कधी डोकेदुखी, कधी काम. पीटरला वाटायचं मी लाजते. खरं कारण त्याला सांगायची माझी हिंमत नव्हती. आयुष्यभर ज्या यंत्राची वाट पाहिली ते समोर होतं, आणि त्यात बघायला मी घाबरत होते.

जानेवारी अठ्ठ्याण्णवमध्ये मी घरी आले. अंगणात ऊन खात बसलेल्या अण्णांना मी हे सगळं सांगितलं. आरसा कसा वाकतो ते त्यांचा तळहात धरून, मागून बोटांनी ढकलून दाखवलं. अण्णा ऐकता ऐकता हसायला लागले.

"सुजाता, हे तर आपला सखाहरी तव्यात करतो."

सखाहरी तात्या म्हणजे अण्णांचे बालमित्र. तात्यांनी चौथीत शाळा सोडली आणि बापाबरोबर बैलबाजारात उभे राहिले. त्यांचं काम एकच होतं — जनावराचा डोळा पारखणं. वरून धडधाकट दिसणाऱ्या बैलाला एका डोळ्याने कमी दिसत असेल तर घेणाऱ्याला ते वर्षभर कळत नाही. तात्या ते उभ्या उभ्या सांगायचे. म्हणून विकणारे त्यांना शिव्या घालायचे आणि घेणारे चहा पाजायचे.

मी हट्टच धरला. बाजाराच्या दिवशी अकराच्या सुमारास अण्णांचा हात धरून मी त्यांना तात्यांच्या पत्र्याच्या शेडमध्ये घेऊन गेले. पत्र्याला एक भोक होतं, त्यातून उन्हाची तिरीप खाली यायची. तात्यांच्या हातात बिडाचा काळा, उथळ तवा, त्यात बोटभर पाणी. तिरीप पाण्यावर घ्यायची आणि उडालेला उजेड बैलाच्या डोळ्यात सोडायचा. मग डाव्या हाताच्या नखाने तव्याच्या कडेवर हलकं हलकं टिचकवत राहायचं. पाणी शहारत राहतं, आणि तात्या तव्यावरून बैलाच्या डोळ्यात बघत राहतात.

"तवाच का तात्या? पितळी ताटली का नाही?"

"पितळ लई चमकतंय. पान्याचा उजेड येगळा आन् भांड्याचा येगळा. दोन झाले की घोटाळा हुतो. काळ्या भांड्यात निस्तं पानीच ऱ्हातं."

आमच्या टेबलावर नको असलेला दुसरा उजेड मारायला आम्ही दोन आठवडे काळे पुठ्ठे कापत होतो. या माणसाने ते बिडाच्या तव्यावर भागवलं होतं.

"आणि नख कशाला वाजवता?"

"जनावराचा डोळा वाकडा असतुया. परत्येकाचा येगळा. पानी बी तसंच वाकडं करायचं. जमलं की उजेड आत बसतो."

"बसतो म्हणजे?"

"बसतो म्हंजी बसतो. मंग आतलं दानं दिसत्यात."

दाणे! म्हणजे आमच्या स्क्रीनवरचे ठिपकेच की! लाल पेनवाल्यांनो, थांबा, त्यांना हे अण्णांकडून कळलं असेल का, हे मीही विचारलं होतं. मी अण्णांना एवढंच सांगितलं होतं की यंत्रात ठिपके दिसतात. पण तात्या आणि 'दाणे' हे गावाला तीस वर्षं माहीत होतं. सगळ्यांना वाटायचं, बोलायची पद्धत असेल.

मी म्हटलं, "माझा डोळा बघा ना तात्या."

तात्यांनी तवा खाली ठेवला. "न्हाई. मानसाचा डोळा बघत न्हाई मी. एकदा बघितला हुता."

मला काही कळेना. मग अण्णाच बोलले, आणि मला कधीही न सांगितलेली गोष्ट त्यांनी तिथे बैलांच्या मध्ये उभं राहून सांगितली. फळ्यावरचं अक्षर हरवलं, त्याच्या दोन वर्षं आधी तात्यांनी गमतीगमतीत अण्णांच्या डोळ्यात पाहिलं होतं आणि म्हणाले होते, "गुरुजी, मधले दाने गळायला लागल्यात." अण्णा भडकले. मी पोरांना विज्ञान शिकवतो आणि तू मला असलं सांगतोस, म्हणून चार लोकांत तात्यांना वाट्टेल ते बोलले आणि बोलणं सोडलं. पुढे दिसेनासं झालं तेव्हा पहिल्यांदा घरी आले ते तात्याच. दारात उभं राहून रडले, म्हणाले, माझ्या बोलन्यानं झालं. अण्णांनी त्यांना समजावलं की बोलण्याने डोळे जात नसतात. पण तात्यांनी त्यानंतर माणसाचा डोळा पाहिला नाही.

"सखाहरी," अण्णा म्हणाले, "पोरीचा बघ. या वेळी मी चिडणार नाही."

"गुरुजी, वंगाळ दिसलं तर?"

"तर तसं सांग. तिला कळायला पाहिजे. मला कळलं होतं, पण मी ऐकलं नाही."

अण्णांचा आवाज हलला नाही, पण माझ्या खांद्यावरचा हात गच्च आवळला गेला होता. मी बाजेवर बसले. तात्या येऊन उभे राहिले, पत्र्याच्या भोकाकडे एकदा पाहिलं, तवा धरला. पाण्यावरून उडालेला मऊसा उजेड माझ्या डोळ्यात आला. टिक्, टिक्, टिक्... उजेड हलत होता, फुटत होता. मग एक क्षण असा आला की तो हलायचा थांबला. पाणी तर शहारतच होतं, नख वाजतच होतं, पण उजेड स्थिर. शपथेवर सांगते, हे कसं होऊ शकतं ते मला आजही माहीत नाही.

तात्यांनी तवा ठेवला. पोत्यातली मूठभर ज्वारी घेतली, गोणपाटावर पसरली आणि बोटांनी दाबत दाबत एकेरी थर केला. रांगा सरळ नव्हत्या. प्रत्येक दाण्याला भोवती पाच-सहा दाणे, मधमाशीच्या पोळ्यासारखे. आमच्या स्क्रीनवर दिसायचं अगदी तसं. मग त्यांनी चार दाणे उचलले. तीन वळणात ओळीने, आणि चौथा जरा बाजूला सुटा.

"कानाच्या अंगाला ह्ये चार न्हाईत. बाकी भरल्यालं हाय."

"गळायला लागलेत?" अण्णांनी विचारलं.

"न्हाई गुरुजी. तुमचे गळत हुते, कडा भुसभुशीत हुत्या. ह्या घट हायेत. पेरतानाच चार दाने पडले न्हाईत. जल्माचं हाय, वाढायचं न्हाई."

मी वहीत ती मांडणी ठिपक्यांनी उतरवून घेतली आणि वर तारीख घातली. अण्णांना घेऊन घरी आले. त्या रात्री कित्येक वर्षांत मला इतकी शांत झोप लागली, आणि सकाळी उठून त्याचीच लाज वाटली. पीएचडीवाली बाई तवा वाजवणाऱ्या दलालाच्या शब्दावर झोपते!

पण एक गोष्ट झाली. परत गेल्यावर मी सर्दीचं कारण सांगितलं नाही. मार्चमध्ये मी यंत्रासमोर बसले. डोकं हलू नये म्हणून दातांचा ठसा घेतलेली एक पट्टी चावून बसावं लागतं, त्यामुळे स्क्रीनवर फोटो आला तेव्हा मला बोलताही येईना. नुसतेच डोळे भरून आले. दाणे भरलेले होते! सगळे. एकही गळालेला नाही.

आणि लगेच दुसरा विचार आला... एकही? वही काढली. तात्यांची चार रिकामी घरं कुठेच नव्हती. कानाकडची बाजू, नाकाकडची, वर, खाली, सगळीकडे शोधलं. काही नाही. मला हायसं वाटायला हवं होतं. वाटलं ते उलटंच, कुणीतरी जवळचं माणूस खोटं पडावं तसं. आणि तात्यांचे दाणे खोटे, तर त्यांचं 'वाढायचं न्हाई'सुद्धा खोटंच.

घोडेगावला शेजारच्यांच्या घरी फोन करून अण्णांना सांगितलं. नाक ओढल्याचा आवाज तेवढा आला. मग मी म्हटलं, "पण तात्या चुकले, अण्णा. चार रिकामे नाहीत."

"कोणता डोळा बघितलात?"

"उजवा."

"मग तू चुकलीस," अण्णा म्हणाले. "सखाहरी जनावराच्या डाव्या अंगालाच उभा राहतो. जन्मभराची सवय. तुझ्याही डाव्या बाजूला उभा होता, मी तुझ्या उजव्या खांद्यावर हात ठेवून होतो."

कपाळावर हात मारून घेतला मी. लॅबमध्ये डोळा म्हणजे उजवा डोळा, यंत्रच तसं बांधलेलं. म्हणून वहीत मी 'डोळा' एवढंच लिहिलं होतं, आणि दोन महिन्यांत आठवणीतला डोळाही उजवा होऊन बसला होता. मोजमापं घेणारी मी, आणि कुठला डोळा हे लिहायला विसरले. ज्यांना चेहरा दिसत नाही त्या अण्णांच्या मात्र लक्षात होतं.

डावा डोळा बघायचा तर अर्धं टेबल हलवायला हवं होतं. पीटरला सगळं खरं सांगितलं, अण्णांच्या आजारापासून तव्यापर्यंत. तो हसला नाही. एक अख्खा दिवस खपून आम्ही मांडणी बदलली. संध्याकाळी पाचच्या सुमारास फोटो आला. पीटरने माझी वही उघडून स्क्रीनच्या शेजारी धरली, आणि बराच वेळ तशीच धरून ठेवली.

कानाच्या बाजूला. तीन वळणात, एक सुटा.

काही पेशी एखाद्या दिवशी काळ्या दिसतात आणि दुसऱ्या दिवशी उजळतात, हे आम्हाला माहीत होतं. म्हणून आठवडाभर रोज फोटो काढले. बाकीच्या कमीजास्त व्हायच्या, त्या चार जागा रोज काळ्याच.

आता माझी अवस्था बघा. यंत्र सांगत होतं, चार जागा रिकाम्या आहेत. त्या जन्मापासूनच्या आहेत की अण्णांच्या वाटेची ही सुरुवात आहे, हे यंत्राला सांगता येत नव्हतं, कारण माझ्या डोळ्याचा लहानपणीचा फोटो कुणाकडेच नव्हता. ते सांगणारा जगात एकच माणूस होता, आणि तो घोडेगावच्या बाजारात बैलाच्या डाव्या बाजूला उभा होता. मी गणितं करून पाहिली. त्या अंतरावरून, त्या उजेडात, माणसाच्या नुसत्या डोळ्याला ते दाणे दिसणं शक्य नाही. कसंही मांडलं तरी उत्तर तेच. तरीही मी त्यांच्यावर विश्वास ठेवला. दुसरा इलाज नव्हता म्हणून नाही. त्यांचा काळा तवा मी पाहिला होता म्हणून.

पुढच्या जानेवारीत फोटोची मोठी प्रत घेऊन मी त्यांच्याकडे गेले. मला वाटलं होतं तात्या चाट पडतील. त्यांनी फोटो उन्हाकडे धरला, लांबून पाहिला, जवळून पाहिला.

"ह्ये तर मी बघितलंय," म्हणाले आणि परत दिला. मग माझा चेहरा पडलेला पाहून त्यांना वाईट वाटलं असावं. "पन तुझं यंत्र लई ग्वाड हाय, पोरी. मला आपलं बघून इसरावं लागतं. तुझं कागदावर ऱ्हातं. गुरुजींच्या टायमाला असतं तर..." आणि त्यांनी वाक्य सोडून दिलं.

त्यांनी मला तवा धरायला शिकवलं. मनापासून शिकवलं, हातचं काही राखलं नाही. मी बैलांवर करून पाहिलं, आईवर करून पाहिलं, लॅबमध्ये मोजमापं लावून करून पाहिलं. मला नुसता हलणारा उजेड दिसतो. तात्या गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. तवा त्यांच्या घरच्यांनी मला दिला, तो माझ्या ऑफिसात भिंतीवर आहे. विद्यार्थी विचारतात, मॅडम, तुम्हाला स्वयंपाकाची आवड आहे का?

मी एक्केचाळीस वर्षांची झाले त्या वाढदिवसाला कुठेही न जाता डाव्या डोळ्याचा फोटो काढून घेतला आणि तो घेऊन घोडेगावला आले. अण्णा सत्तरी ओलांडलेले, कडेचंही दिसणं बंद झालेलं. मी अंगणात गोणपाट अंथरलं, ज्वारी पसरली, दाबून एकेरी थर केला आणि फोटो बघून जिथे जिथे रिकामं होतं तिथले दाणे उचलले. मग अण्णांचा हात धरून त्यावर ठेवला. काही सांगितलं नाही.

अण्णांची बोटं सावकाश फिरायला लागली. आधी कडेने, मग मध्ये. एका जागी थांबली, थोडी वळली, पुन्हा मागे आली, बाजूला सरकली. सगळं गोणपाट त्यांनी दोनदा चाचपून पाहिलं. आपल्या लेकीच्या डोळ्याच्या आत हात फिरवणारे ते जगातले एकटेच वडील असावेत.

"तीन," ते म्हणाले. "आणि एक." मग पुन्हा एकदा, खात्री करून घेत, "तेवढेच आहेत गं."

हे कसं झालं ते मला सांगता येत नाही. वही आहे, तारीख आहे, फोटो आहेत, तवाही आहे... म्हणजे पुरावा आहे आणि स्पष्टीकरण नाही. माझ्या लाल पेनला अशी उत्तरपत्रिका कधी मिळाली नव्हती. तिला किती मार्क द्यायचे ते तुम्हीच ठरवा. मी हे सगळं चष्म्याशिवाय, दोन्ही डोळे उघडे ठेवून टाइप केलं आहे.